थळवस्तीला गेले आणि थळकरीण होऊन आले

सगळ्यात आधी आली ती शेजारची कुसुम. मी दशम्यांचं गाठोडं अजून बांधतच होते, तर ही दारात उभी. हातात रिकामं पातेलं, म्हणजे दूध मागायचं निमित्त. तिच्या मागनं तिची जाऊ आली. ती निमित्तसुद्धा घेऊन आली नव्हती.

"काकू, खरंच निघाला व्हय?"

"मग? नात हाय माझी."

"जावा की, नको कोण म्हणतंय. पण मी काय ऐकलं, ती माणसं लय कडक हाईत म्हणं. ह्ये करायचं न्हाई, त्ये करायचं न्हाई. आन तरी परक्या माणसाला आत घेत्यात, आपल्यातला करून टाकत्यात. मला सांगा, एवढी कडक माणसं परक्याला कशापायी घेतील? काय तरी असल्याबिगर?"

"काय असंल?"

"त्ये तुमीच बगून या," म्हणाली, आणि दूध न घेताच गेली. तिची जाऊ मात्र चहा घेऊन गेली.

आता तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते. ऋतुजा, म्हणजे आमची रुतू, ही माझी नात. जनावरांच्या डॉक्टरकीचा कोर्स केला आणि जत तालुक्यात मेंढरांना लस टोचायच्या कामावर गेली. तिकडे कर्नाटकच्या वेशीला लागून थळवस्ती म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या शिवाप्पाची मेंढी अडली होती, ती हिने सोडवली. मेंढीला दोन कोकरं झाली आणि ह्यांचं लग्न झालं. मधलं मला कोणी सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. पोरगा शांत आहे, मान खाली घालून हसतो. जतला जाऊन सह्या केल्या, पेढे वाटले. माझ्या मुलाने गाल फुगवला, पण तो फुगवतो आणि मग आपोआप खाली बसतो.

मग एक दिवस रुतूचा फोन. "आजी, मला थळात घेणार आहेत. तू आणि आई या." लग्न झालं म्हणजे बाई तिथली होत नाही म्हणे. थळात घेतलं की मग होते. आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आजी, तिथं एक नेम आहे. थळातल्या माणसानं थळाबाहेर रात्र काढायची नाही. दवाखाना आणि मेंढरं सोडून."

कोरेगाव ते थळवस्ती जाऊन येणं एका दिवसात होत नाही. म्हणजे पोरगी माहेरी मुक्कामाला यायचीच नाही? लहानपणी माझ्या पोटावर पाय टाकून झोपायची ती. कशी का कडक माणसं असेनात, एकदा समोर बसून बघावं म्हटलं. मुलाच्या उसाला नेमकी तोड आली होती, म्हणून तो राहिला. मी आणि सुनंदा, म्हणजे माझी सून, रुतूची आई, अशा दोघीच निघालो.

कोरेगावातनं सकाळची पॅसेंजर पकडावी. बसायला जागा मिळते आणि मिरजेपर्यंतचं तिकीट एसटीच्या मानाने काहीच नाही. खिडकी डाव्या हाताची की उजव्या, ह्यावर भांडू नका, दोन्हीकडे ऊसच आहे. कऱ्हाडच्या पुढे तोडीच्या टोळ्या, बैलगाड्या, मधेच एखाद्या रानात पेटवलेलं पाचट. सुनंदा गप्प होती. ती गप्प असली की शेंगा लय खाते. मिरज येईस्तोवर तिच्या पायाशी टरफलांचा ढीग झाला. मग मी बोलले, तेव्हा तिने तो पिशवीत भरला.

मिरजेत उतरलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. हातात दवाखान्याची फाईल धरलेली, नाहीतर खोळीत घातलेला तंबोरा धरलेली. माझे मालक फौजेतनं आले आणि त्यांचं पित्ताशय काढलं, ते इथेच. तेव्हा मी महिनाभर ह्या गावात राहिले होते आणि एक दिवसही सतार ऐकली नाही. असो. स्टेशनवरनं स्टँडला रिक्षा करा, चालत जाऊ नका, गाठोडी असतील तर हात मोडतात.

जतच्या गाडीत कंडक्टरने माझं आधार कार्ड बघितलं. पंचाहत्तर उलटलेल्यांना तिकीट नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी माहीत करून घ्या. सुनंदाला अर्धं.

"कुठं निघाला, आजी?"

"थळवस्तीला."

"जाताय परत यायला का तिकडंच ऱ्हायाला?"

"का रं बाबा?"

"न्हाई, तिथं गेलेली माणसं ऱ्हात्यातच. आमचा एक ड्रायव्हर हुता, पाणी प्यायला उतरला, आता मेंढरं राखतोय."

गाडीत सगळे हसले. सुनंदाने शेंगा परत बाहेर काढल्या.

कवठेमहांकाळच्या पुढे रान बदलतं. ऊस संपतो. द्राक्षं, बेदाण्याच्या मोकळ्या शेड, मग डोंगरावर पवनचक्क्या आणि खाली उघडा माळ. शाळू तेवढा उभा होता, कणसं भरलेली. संक्रांत होऊन गेलेली, हवा कोरडी, ओठ फुटतात. तूप बरोबर ठेवा. जतला उतरून वडाप बघायचं. आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण पुण्यामुंबईकडच्यांना सांगते. वडाप म्हणजे अशी जीप, जी माणसं मावेनाशी होईपर्यंत हलत नाही. माणशी चाळीस रुपये घेतले. पुढे मोबाईलला रेंज नाही, तेव्हा घरी काय कळवायचं ते जतलाच कळवून घ्या.

वस्ती दिसली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सगळी घरं पांढरी, एकसारखी, कुठल्याच दाराला कुलूप नाही. मधोमध एक विहीर. विहिरीवर बाया पाणी शेंदत होत्या आणि गात होत्या. वेशीपाशी एक उंच बाई उभी होती, कपाळ मोठं, हातात विळा. रुतूची सासू, गंगव्वा.

"बर्री, बर्री," म्हणाली. म्हणजे या, या. मग मराठीत, "लय वाट बगितली. पाय धुवा."

तेवढ्यात आमची रुतू डोक्यावर हंडा घेऊन आली. मला वाटलं, आली जवळ. तर ती आमच्यापुढनं हसत हसत शेजारच्या घरात शिरली.

सुनंदाच्या तोंडून निघालंच, "आगं, आपल्या घरात पाणी न्हाई आन लोकाच्या कुठं नेतीस?"

तिचं बोलणं संपतंय तोवर शेजारची बाई आमच्या दारात हंडा घेऊन हजर. हा इथला नेम. आपल्या घरचं पाणी आपण भरायचं नाही, शेजाऱ्याचं भरायचं. शेजारी आपलं भरतो. रुतूने पाय धुवायला पाणी घातलं, गळ्यात पडली, मग सगळं सांगितलं.

विहिरीच्या खांबाला एक लोकरीचा जाड दोर बांधलेला आहे. त्याला गाठी आहेत. एक गाठ म्हणजे एक नेम. सोनं घालायचं नाही, दाराला कुलूप नाही, संध्याकाळी सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं आणि शेवटचं माणूस घास उचलेपर्यंत पहिल्याने उचलायचा नाही, बाजेवर झोपायचं नाही, भिंत पांढरीच ठेवायची. असं बरंच. आणि इथे जन्मलेल्या कोणालाही "का?" म्हणून विचारायचा हक्क नाही.

"मग कुणाला हाय?" मी म्हटलं.

"जो बाहेरून चालत येतो त्याला. थळात घेतात त्या दिवशी त्याला एक 'का' विचारता येतं. एकच. मोठी माणसं उत्तर देतात. उत्तर ऐकून सगळ्यांच्या माना हो म्हणून हलल्या तर गाठ राहते. एकाचीही मान हलली नाही तर गाठ सुटते."

मिरजेहून एक तंबोरे करणारा माणूस कधीतरी इथे येऊन राहिला. त्याने विचारलं होतं, विहिरीवर गाणं का म्हणायचं नाही? कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून बाया गातात. दुसऱ्या एकाने विचारलं, शेजाऱ्याचंच पाणी का भरायचं? त्याला लगेच उत्तर मिळालं. स्वतःचं भरताना माणूस हंड्याकडे बघतो, दुसऱ्याचं भरताना विहिरीकडे बघतो. झरझर माना हलल्या, गाठ राहिली.

मी विचारलं नाही, पण रुतूला कळलं. म्हणाली, "आजी, उद्या मी काय विचारणार ते मला विचारू नकोस. सगळेच सकाळपासून येऊन जातायत."

खरंच येत होते. एक बाई शेंगांची चटणी घेऊन आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "निळा रंग थंडावा देतो म्हणं." कोणी अंडी घेऊन आलं, कोणी नुसतंच येऊन खोकलं. ज्यांना विचारता येत नाही ते असे येऊन सुचवून जातात. मला लय हसू आलं. निवडणुकीत आमच्या आळीत एवढी वर्दळ नसते.

दिवेलागणीला पंगत बसली आणि माझा घोटाळा झाला. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घेत नाहीत. माझी आई मला भेटायला यायची तेव्हा दशम्या बांधून आणायची आणि अंगणात बसून खायची. सुनंदाची आईही माझ्या घरी तशीच बसायची. म्हणूनच तर गाठोडं होतं. आम्ही दोघींनी पानावर भाकरी घेतली नाही, आणि बघते तर सगळी वस्ती हात बांधून बसलेली. पोरं भाकरीकडे बघतायत, मग माझ्याकडे बघतायत. शेवटी मी घाईने दशमी सोडली आणि घास घेतला. पंगत सुरू झाली. पण पंगतीत जे येईल ते सगळ्यांचं, असाही एक नेम निघाला. माझ्या दशम्या हातोहात गेल्या. एकेक तुकडा प्रत्येकाच्या पानात. "लय मऊ हाय," म्हणून पलीकडनं कोणी ओरडलं. मला बरं वाटलं, पण गाठोडं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक बघितलं. समोरच्या घरातले भीमण्णा, माझ्याहून थोरले असतील, त्यांना जमिनीवरनं उठवत होते. एका बाजूने मुलगा, दुसऱ्या बाजूने सून. गुडघे वाकत नाहीत. उठेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायचं आणि उठले की हसायचे. "झालं, झालं," म्हणायचे, जणू त्या दोघांनाच दुखलंय.

ऊन चढल्यावर सगळे विहिरीपाशी जमले. मधे अप्पा बसलेले, हे इथले थोर. धोतर, खांद्यावर घोंगडं, आवाज बारीक. रुतू समोर बसली. हातात तो दोर दिला. मी पदर तोंडाला लावला. मनात एकच, विचार गं बाई रात्रीचं विचार. सुनंदाने माझा हात धरला होता.

रुतू म्हणाली, "बाजेवर का झोपायचं नाही?"

मला हे ऐकायचं नव्हतं, खोटं कशाला सांगू. अप्पांनी विचार केला. शेजारच्या म्हाताऱ्याशी कानडीत बोलले. मग म्हणाले, "दुष्काळात लाकूड न्हवतं. बाजा जाळून भाकरी केली. कुणाची ऱ्हावी, कुणाची जावी असं नको म्हणून सगळ्यांच्याच जाळल्या. तवाची गाठ."

"आता लाकूड हाय," कोणीतरी म्हणालं.

"आता लोखंड हाय," दुसरं कोणीतरी म्हणालं, आणि एकही मान हलली नाही. रुतूने गाठ सोडली. भीमण्णांच्या मुलाने जतहून आणून कधीपासून गोठ्यात झाकून ठेवलेली लोखंडी खाट बाहेर काढली, तेव्हा अप्पांनी तोंड दुसरीकडे फिरवून हसू लपवलं. भीमण्णा खाटेवर बसले. पाय खाली सोडले, हलवून बघितले. मी रडले. कशासाठी रडले ते दोन भागांत होतं. अर्धं त्यांच्यासाठी, अर्धं माझ्यासाठी.

रुतू येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, रागावलीस?"

"न्हाई गं. तू दुसरं काय विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, डोळं हाईत का तुला." हेही खरं होतं.

मग जेवण. त्या दिवशी दुपारीच पंगत, हुग्गी केली होती. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर, गूळ आणि खोबरं घालून, हिकडं सणासुदीला करतात. वास असा की पोटातलं कावळं जागं व्हावं. पण गाठोडं रिकामं. मी पान पुढे घेतलं नाही. पंगत थांबली. सगळ्यांचे हात मांडीवर. पोरं हुग्गीकडे बघतायत. सुनंदा तर माझ्याकडे असं बघत होती की मी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

गंगव्वा वाढायचा डाव घेऊन समोर उभी. "आज्जी, खावा की. तुमच्या लेकीचं घर हाय."

"म्हणून तर खाईना, बाई."

अप्पा म्हणाले, "लेकीचं घर म्हणून खात न्हाई. आन तुमचंच घर असलं तर?"

"म्हंजे?"

"थळात या. चालत आलाय की तुमी. मग ह्ये तुमचंच अन्न. आन तुमाला बी एक 'का' मिळंल."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम कळलं. मी थळात गेले तर रात्रीचं विचारू शकते. पण उत्तर मिळालं आणि माना हलल्या तर? मग मीही थळातली. मलाही कोरेगावला रात्र काढता यायची नाही. माझं घर, माझी तुळस, मालकांचा फोटो.

सुनंदाने पदर ओढला. "आत्याबाई, उठा. अडकून पडशिला. मी घरी जाऊन काय सांगू? सासूला थळात ठिवून आले म्हणून?"

"लोक तुजं कौतुक करतील," मी म्हटलं.

ती हसली, पण डोळे भरले तिचे. हळूच म्हणाली, "नका वो."

मी रुतूकडे बघितलं. ती हाताने नको म्हणत होती. ती नको म्हणते आहे हे बघूनच मी उठले. दोर हातात घेतला. लोकर तेलकट लागते हाताला. विचारलं, "थळाबाहेर रात्र का काढायची न्हाई?"

अप्पांनी उत्तर दिलं ते हळू.

"पाऊस न्हवता. एकेक जण म्हणायचा, चार दिस मजुरीला जाऊन येतो. गेला तो आलाच न्हाई. म्हातारी आन लेकरं उरली. विहिरीचा गाळ काढायला हात न्हवतं. जी ऱ्हायली त्यांनी ही गाठ मारली. ही पयली गाठ हाय, आज्जी. हिच्यामुळं थळ ऱ्हायलं."

खरं उत्तर होतं. बाजेसारखं नव्हतं. माझीच मान हलायच्या बेतात होती. एकेक मान हलू लागली. भीमण्णांनी खाटेवरनं हलवली. बायांनी हलवली. सुनंदाने डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, चला, आता इथेच. तुळशीला पाणी कोण घालेल ते बघू.

गंगव्वाची मान हलली नाही. डाव तसाच हातात, हुग्गीचा थेंब खाली पडला.

अप्पा म्हणाले, "गंगव्वा?"

तिला विचारता येत नाही, तिचा जन्मच इथला. पण सांगता तर येतं. ती म्हणाली, "धाकटी बहीण विजापूरकडं दिलीया. बाळंत झाली तवा सकाळी गेले, दिस बुडायला परत. तिचा मालक गेला तवा बी दिस बुडायला परत. दर बारीला ती वेशीपतूर येती आन म्हणती, एक रात ऱ्हा की, अक्का. अप्पा, मी दर बारीला परत आले. गाठ हाय म्हणून न्हाई आले. घर हाय म्हणून आले. आन कवा बी येईन."

ज्या माना हलल्या होत्या त्यातल्या दोनतीन थांबल्या. अप्पा खाली बघत राहिले. मग म्हणाले, "एक मान हलली न्हाई." आणि मला हाताने खुणावलं.

पहिली गाठ ती, दगड झाली होती. नखाने सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. जेवढे आहेत तेवढ्यांनी. सुटली तेव्हा दोराला तिथे एक वाकण राहिलं, ते काही गेलं नाही. मग मी बसले आणि हुग्गीचा घास घेतला, माझ्या घरचा, आणि सगळ्या वस्तीने घास घेतला. सुनंदाने तीनदा वाढून घेतली. ती थळातली नाही, पण तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही. माझ्या घरात तिचंही घर, असा तिने हिशेब लावला असणार.

उन्हं कलल्यावर अप्पांजवळ बसून मी कुसुमचा प्रश्न विचारला. माझा एक 'का' संपला होता, पण हा नेमाबद्दलचा नव्हता, म्हणून चालला. "अप्पा, तुमी एवढी कडक माणसं. मग परक्याला कशाला घेता?"

ते म्हणाले, "कडक हाय म्हणून तर घेतो. आमाला गाठ मारता येती. सोडवाय येत न्हाई. आपणच मारलेली आपणच सोडवाय लागलो तर रोज एक सोडवू, आन मग थळ कुठलं? पण कायमची ठिवली तर गळ्याला बसती. म्हणून बाहेरचं माणूस लागतं. त्याला कशाची सवय नसती, त्येला दिसतं." मग म्हणाले, "बाजेचं मी लय वर्सं बगत हुतो. भीमण्णा माझा थोरला भाऊ हाय."

तिसऱ्या दिवशी निघालो ते आम्ही दोघी नाही, चौघी. गंगव्वा आणि रुतू बरोबर आल्या. गंगव्वाने आयुष्यात पहिल्यांदा रेल्वे बघितली. मिरजेपासून कोरेगावपर्यंत खिडकीचा गज धरून बसली होती आणि प्रत्येक स्टेशनला विचारायची, "हितं आपण उतरायचं न्हाई?" ऊस बघून म्हणाली, "एवढं पाणी कोण भरतं ह्यास्नी?"

सुनंदा मधेच म्हणाली, "आत्याबाई, मी बी कोरेगावला चालतच आले हुते की. लग्न करून."

"व्हय की."

"मला कुणी 'का' विचारू दिलं न्हाई."

मी म्हटलं, "मग विचार की आता. मी थळकरीण हाय, नेम पाळीन. उत्तर न्हाई आलं तर सोडून टाकीन."

तिने शेंगा सोलायचं थांबवलं. म्हणाली, "आत्ता नको. एकच हाय. वाया घालवायचा न्हाई."

हे लिहिते आहे तोवर तिने विचारलेलं नाही. स्वयंपाकघरात मधेच थांबून माझ्याकडे बघते, आणि मी मनातल्या मनात आमच्या घरातल्या गाठी आठवायला लागते. काहींची उत्तरं मला येतात. बऱ्याच गाठींची येत नाहीत.

घरी आल्यावर माझ्या मुलाचा गाल खाली बसला. रुतू माझ्याजवळ झोपली, पाय पोटावर. आता लांब झालेत पाय. गंगव्वा मधल्या खोलीत झोपली. सकाळी म्हणाली, "डोळा लागला न्हाई, पर लय बरं वाटलं." आणि नळ आल्याबरोबर हंडा उचलून कुसुमच्या दारात गेली. कुसुम घाबरली. मग तिला सगळं सांगितलं. आता मी रोज तिचा एक हंडा भरते. ती माझा भरत नाही, ती थळातली नाही. पण परवा बघितलं तर दारात दुधाचं पातेलं भरून ठेवलेलं होतं.

ज्यांना थळवस्तीला जायचं आहे त्यांनी हुरड्याच्या दिवसांत जावं. दशम्या न्याव्या, पण जास्त न्याव्या. पोटात भूक ठेवून जावं आणि डोक्यात एक "का" ठेवून जावं. कोणी नुसतं बघायला गेलं तरी चालतं, सक्ती करत नाहीत. पण कंडक्टर म्हणाला ते खोटं नाही.

दोन दिवस राहून पाहुण्या निघाल्या. स्टेशनवर सुनंदाने विचारलं, "परत कवा?" गंगव्वाने बोटं मोजली. त्यांच्याकडचा बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, कानडी रीतीने ज्येष्ठाच्या पौर्णिमेला, आपला आषाढात. म्हणाली, "आमचं बैल सजवून झालं की तुमचं सजवाय येतो." तर आपल्या बेंदराच्या आदल्या दिवशी, दुपारच्या गाडीने येणार आहेत. रुतू, जावई, गंगव्वा आणि विजापूरकडची तिची धाकटी बहीण. दोन रात्री राहणार आहेत.